गुन्नी आणि दादाचा शर्ट

दादा गेल्यापासून क्लबमधला जो भेटतो, तो त्याचा एक किस्सा माझ्या हातात ठेवून जातो. जिवंत होता तेव्हा यातले निम्मे त्याच्याशी धड बोलतही नव्हते. म्हणून मी कुणाचं काही पटकन खरं धरत नाही. हे किस्से मात्र माझ्या डोळ्यांसमोरचे. आणि सगळ्यांत तो गुन्नी आहेच.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ सुरेश, दुबईतल्या एका फुटबॉल क्लबचा किटमन. खेळाडूंचे कपडे धुणं, बूट पुसणं, गरम प्रेसने जर्सीवर नावं चिकटवणं. मी सातवीतून शाळा सोडलेला, त्याचा हेल्पर.

गुन्नी आला तो मंदीत. आइसलँडचा स्ट्रायकर. नॉर्वे, बेल्जियम, इंग्लंड असं खेळत खेळत आमच्याकडे. त्या दिवसांत लोक कर्जापायी एअरपोर्टवर गाड्या टाकून दुबईतून पळत होते आणि हा उलटा येतोय! मी दादाला म्हटलं, हा तिकडे काहीतरी करून आलाय. मग कळलं, त्याच्या देशातल्या बँकाच बुडाल्यात.

"बघ," आमच्या बसचा ड्रायव्हर मन्सूरभाई म्हणाला, "अख्खा देश बुडवून आलाय."

•

पहिल्याच दिवशी गुन्नीने दादाला नाव विचारलं. दादाने शाळेत सांगतात तसं सांगितलं, सुरेश दत्ताराम घाडी. दत्ताराम कोण, तर वडील. गुन्नी एकदम खूश. त्यांच्याकडे म्हणे आडनावच नसतं. बापाच्या नावाला 'सन' जोडायचं, झालं.

मग त्याने मला विचारलं. मी खाली बघून बूट पुसत राहिलो. तेव्हा साहेबलोकांनी नाव विचारलं की पुढच्या आठवड्यात व्हिसा खलास, असं चाललं होतं.

दादाने सांगून टाकलं, "हा पण दत्तारामचाच."

•

गुन्नी रोज किटरूममध्ये येऊन बसायचा. मला वाटायचं, ट्रेनिंग चुकवतोय. एकदा म्हणाला, माझं नाव मीच चिकटवतो. सगळी अक्षरं वाकडी. दादाने ती टराटरा सोलून काढली.

"हबीबी, तू गोल कर. अक्षर मैं लगाऊँगा."

त्या शुक्रवारी गुन्नीने रिकाम्या गोलसमोर बॉल बाहेर मारला. दादा म्हणाला, "त्यापेक्षा अक्षरं बरी लावत होता."

•

एकदा त्याने गावाहून सुकी मासळी आणली. दादाने वास घेतला आणि त्याचे डोळेच भरले. पण सुकी मासळी न भाजता खायची? दादाने ती जर्सीच्या प्रेसवर भाजली!

मॅचला अख्खी टीम बंदरासारखी घमघमत होती. मॅनेजर नाक धरून आला. गुन्नी पुढे झाला, म्हणाला, मी भाजली.

दादा हसत होता. मला झोप आली नाही. फुकट कोण कुणाचं अंगावर घेतं?

•

दादा किटरूममध्येच गेला. दुपारी, इस्त्री करता करता. हार्ट.

त्याला गावी नेलं. तेरावं करून निघताना आई म्हणाली, "त्याचा तिथला रोजचा शर्ट घेऊन ये. धुऊ नको."

परत आल्याबरोबर किटरूम उघडली. हुकावर शर्ट नव्हता. अक्षरांचा डबा उघडा पडलेला. मन्सूरभाईला विचारलं. तो म्हणाला, तू गावाहून फोनवर म्हणालास ना, आई शर्ट मागतेय, ते मीच गुन्नीला सांगितलं. आत्ताच बॅग घेऊन बाहेर पडलाय. त्याचं कॉन्ट्रॅक्ट संपलंय, आज फ्लाइट.

मी धावलो. पार्किंगमध्ये त्याची कॉलर धरली, बॅग हिसकावली, चेन ओढली. तो म्हणाला, तुझ्याकडेच निघालो होतो; मी ऐकतोय कुठला!

वरच दादाचा शर्ट होता. न धुतलेला. कॉलरला दादाच्या डोक्याच्या तेलाचा वास. किटमनच्या शर्टावर कधी नाव नसतं. याच्या पाठीवर होतं, खेळाडूंच्या मोठ्या अक्षरांत: दत्तारामसन. इतकं वाकडं, की दादाने टराटरा सोललं असतं.

त्याच्या खाली अजून एक शर्ट होता. कोरा. तेच नाव, तितकंच वाकडं.

माझ्या मापाचा.