मालकावरून गाडी ओळखणारे मिस्त्री

मिस्त्रींना गाडी दाखवायची गरजच नसे. मालक दाखवला की पुरे. माणूस दारातून येतो कसा, किल्ली टेबलावर ठेवतो की फेकतो, एवढ्यावरून ते सांगायचे की ब्रेक संपलेत की क्लच जळलाय. आणि दहातल्या नऊ वेळा ते बरोबर निघायचं, खोटं कशाला बोला. दहाव्या वेळेची आठवण कुणीच ठेवत नाही, मिस्त्रीही ठेवत नसत.

त्यांचं काम चाकांचं. चौदाव्या वर्षी टायरच्या दुकानात लागले, तिथेच डाव्या हाताच्या बोटाचं अर्धं पेर एका रिमला देऊन बसले, आणि तरीही धंदा सोडला नाही. पन्नाशी ओलांडली तेव्हा स्वतःचं गॅरेज होतं. दोन लिफ्ट, चाकं सरळ करायचं यंत्र, भिंतीवर प्रत्येक पान्याची जागा रंगाने आखलेली. पाना जागेवर नसला तर मिस्त्रींना जेवण जात नसे. बोलणं कमी आणि टोमणे जास्त. बायको म्हणायची, जगाची चाकं सरळ करता, एकदा स्वतःची जीभही यंत्रावर चढवा.

दर रविवारी सकाळी या गॅरेजात स्पोर्ट्स कारवाल्यांचा अड्डा भरे. पाच जण, पाच गाड्या, आणि मतं पन्नास. इंजिन पुढे बरं की मागे, गिअर हाताने टाकावेत की गाडीने आपले आपण, यावरून लोक एकमेकांच्या अंगावर धावून जायचे. पण खरी चव यायची ती मालकांची उणीदुणी निघाली की. छत उघडणारी गाडी घेणाऱ्याला टक्कल लपवायचं असतं. मागे इंजिनवाली घेणारा लग्नातसुद्धा आपल्या इंजिनाबद्दल बोलतो. गाडीला मागे मोठा पंख लावून फिरणारा चौकात हमखास गाडी बंद पाडतो. हे सगळं वकील बोलायचे. त्यांच्याकडे लाल गाडी होती, तोंडाला कुलूप नव्हतं, आणि वाद जिंकल्याशिवाय चहा गोड लागत नसे. पण शेवटचा शब्द मिस्त्रींचाच. वकिलांच्या ब्रेकचे पॅड काढून टेबलावर ठेवत ते म्हणायचे, हा माणूस वळणाशीसुद्धा हुज्जत घालतो. मग सगळे हसायचे, वकीलही हसायचे.

एकाच माणसाबद्दल मिस्त्री कधी वाकडं बोलले नाहीत. ते घड्याळवाले. त्यांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं आणि करड्या रंगाची दोन आसनी गाडी होती. तेरा वर्षं झाली तरी नवी वाटायची. रविवारी दहा किलोमीटर चालवायची, मऊ फडक्याने पुसायची, चादर घालून ठेवायची. वकील म्हणायचे, हा गाडी चालवत नाही, तिला फिरायला नेतो. मिस्त्री म्हणायचे, मालक असावा तर असा.

वर्षातून एकदा तुलना व्हायची. शहराबाहेर एक बंद पडलेली धावपट्टी होती, तिच्या बाजूच्या रस्त्यांसकट एक फेरी धरलेली. चालवणारा एकच. गाड्या आजवर चार, या वर्षी घड्याळवाल्यांनी करडी पहिल्यांदाच उतरवली म्हणून पाच. आधी दोन फेऱ्या गाडी तापवायला, मग तीन वेळ मोजून. त्यावरून क्रम ठरे आणि तो कागद वर्षभर गॅरेजच्या भिंतीवर राही. शेवटच्या नंबरच्या मालकाला वर्षभर जगणं नकोसं करत. नियम दोनच कडक होते. लाल निशाण दाखवून थांबवलेली गाडी त्या वर्षी बाद. आणि मिस्त्रींनी तपासून सही केल्याशिवाय गाडी पट्टीवर जायची नाही. तपासणीच्या कागदावर अकरा चौकोन होते. अकरावा चौकोन टायरच्या तारखेचा.

टायरवर चार आकडे छापलेले असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. टायर झिजला नाही म्हणजे चांगला, असं ज्याला वाटतं त्याने मिस्त्रींच्या हाताखाली दोन दिवस काढावेत. रबर उभ्या उभ्या म्हातारं होतं. चादरीखालीही होतं. वरून खाचा नव्यासारख्या खोल दिसतात आणि आत त्याचं लाकूड झालेलं असतं. सरळ रस्त्यावर कळत नाही, वळणावर कळतं, आणि तोवर उशीर झालेला असतो. हे आकडे टायरच्या एकाच अंगाला असतात. ते अंग बाहेर आलं तर बरं, आत गेलं तर जमिनीवर आडवं होऊन, हातातली बॅटरी लावून बघायचं. मिस्त्री आडवे व्हायचे. आपल्या लेकीलाही त्यांनी हेच शिकवलं होतं, की कपडे धुता येतात.

ही लेक सव्वीस वर्षांची. बापाच्या गॅरेजात यंत्र चालवायची, आणि चार वर्षं छोट्या गाड्यांच्या शर्यतींत उतरत होती. या वर्षी नेहमीच्या चालकाची पाठ धरली, तेव्हा तिने स्वतःहून सांगितलं, मी चालवते. महिनाभर वाद झाला. वकिलांचं म्हणणं असं की पोरगी जपून चालवणार, सगळ्या गाड्या सारख्याच हळू जाणार, मग क्रम कसला काढायचा. मिस्त्री काही बोलले नाहीत. बोलायला हवं होतं. घरी बायकोने मात्र बजावलं, तिला चालवू द्या, मधे मधे करू नका, तुम्ही एकदा हात धरलात तर ते लोक जन्मभर तिला बापाच्या मागून चालणारीच म्हणतील.

तुलनेच्या दिवशी ऊन कडक होतं. मिस्त्रींनी एकेक गाडी तपासली. दोनदा खडीवर आडवे झाले, कोपर सोलून घेतलं. घड्याळवाल्यांच्या गाडीपाशी आले तेव्हा मागून वकील ओरडत होते की आटपा, ऊन डोक्यावर आलं. मिस्त्रींनी उकिडवं बसून टायरवरून तळवा फिरवला. खाचा खोल, बाजू काळीभोर, पॉलिश केलेली. बाहेरच्या अंगाला आकडे नव्हते. त्यांनी मान वर केली. घड्याळवाले आरशावरची न दिसणारी धूळ पुसत होते. हा माणूस पायमोजेसुद्धा तारीखवार घालत असेल, याचे टायर काय बघायचे. अकराव्या चौकोनात त्यांनी खूण केली आणि खाली सही ठोकली.

पहिल्या तीन गाड्या तिने अशा फिरवल्या की वकिलांचं तोंड हळूहळू लहान होत गेलं. गेल्या वर्षीपेक्षा तिन्ही वेळा कमी आल्या. मिस्त्री छत्रीखाली खुर्चीवर बसले होते, चेहरा दगडाचा, पण आतून त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढलं होतं. चौथी करडी गाडी निघाली. पहिली तापवायची फेरी झाली, दुसरी सुरू झाली.

इकडे वकिलांना काहीतरी बोलायला हवंच होतं. ते घड्याळवाल्यांना चिडवू लागले की तुमच्या गाडीला आज पहिल्यांदा कळेल धावणं म्हणजे काय. घड्याळवाले शांतपणे म्हणाले, चिडवा खुशाल, पण तुम्ही तेरा वर्षांत किती जोड टायर खाल्लेत? आणि मग छाती फुगवून म्हणाले, "माझ्या गाडीला अजून कंपनीतून आलेलेच टायर आहेत. चारही."

तेरा वर्षांचं रबर, आणि त्यावर मिस्त्रींची लेक. निशाण वीस पावलांवर, वकिलांच्या खुर्चीला टेकवलेलं. उठायचं, घ्यायचं आणि दाखवायचं, एवढंच काम होतं. गाडी समोरून जायला अजून अवकाश होता.

ते उठले आणि थांबले.

का थांबले हे त्यांनी नंतर स्वतःला शंभर वेळा विचारलं. त्या क्षणी त्यांनी स्वतःला सांगितलं ते असं की निशाण दाखवलं तर पोरीचं नुकसान होईल. सगळे म्हणतील, बापाच्या काळजाचं पाणी झालं, पोरीला पाच गाड्याही पुऱ्या चालवता आल्या नाहीत. बायकोने बजावलंच होतं. पण हे अर्धं खरं होतं, आणि अर्धं खरं माणसाला फार उपयोगी पडतं. उरलेलं अर्धं असं की निशाण का, हे सांगावं लागलं असतं. पस्तीस वर्षं लोक ज्यांच्या सहीवर विसंबून गाडीत बसत होते, ते मिस्त्री एका टायरसमोर आडवे झाले नाहीत, हे पाच जणांत सांगावं लागलं असतं. ती सांभाळून घेईल, तिचे हात चांगले आहेत, असंही त्यांना वाटून गेलं. दोन श्वासांचा वेळ गेला. तेवढ्यात करडी गाडी समोरून सुसाटली आणि वेळ मोजायला सुरुवात झाली.

मग मात्र ते धावले. खुर्ची पडली, छत्री पडली. निशाण हातात घेऊन पट्टीच्या कडेला पोचले तेव्हा गाडी लांबच्या टोकाच्या वळणाला लागली होती आणि तिथून तिला निशाण दिसणं शक्य नव्हतं. मिस्त्री तरीही ते हलवत राहिले, वेड्यासारखे, दोन्ही हातांनी. वकील मागून काहीतरी विचारत होते. मिस्त्रींना फक्त गाडीचा मागचा भाग दिसत होता. तो आधी जरासा बाहेर गेला, ती सावरतेय हे कळलं, आणि मग मागची दोन्ही चाकं साबणावरून जावीत तशी सुटली. गाडी गरकन फिरली, पुन्हा फिरली, रस्ता सोडून गवतात शिरली आणि धुळीत दिसेनाशी झाली.

मिस्त्री पळत सुटले. देवा, तिला काही होऊ देऊ नकोस, एवढंच ते म्हणत होते, आणि देवाचं नाव त्यांनी पुष्कळ वर्षांत घेतलं नव्हतं. धूळ बसली. दार उघडलं. लेक बाहेर आली, हेल्मेट काढलं, गुडघ्यांवर हात ठेवून वाकून उभी राहिली. हातपाय शाबूत होते. मिस्त्रींनी तिच्या खांद्याला हात लावला, मग डोक्याला, मग पुन्हा खांद्याला.

बाकीचे धापा टाकत आले. घड्याळवाले गाडीभोवती फिरले, पुढचा बंपर फुटलेला बघून मटकन खाली बसले आणि म्हणाले, तेरा वर्षांत साधा ओरखडा नव्हता हो. वकिलांनी पोरीकडे पाहिलं. आवाजात राग नव्हता, उलट कीव होती, आणि ती जास्त वाईट. ते म्हणाले की असू दे, व्हायचंच होतं, म्हणूनच मी म्हणत होतो. ती खाली बघत राहिली.

गप्प बसायचं म्हटलं तर मिस्त्रींना ती शेवटची सोय होती. महिनाभर चाललेल्या वादानंतर पोरगी घसरली हे कुणालाही पटलं असतं. टायरच्या आतल्या बाजूला वाकून कोण बघणार होतं.

"ती चुकली नाही," मिस्त्री म्हणाले. "टायर तेरा वर्षांचे आहेत. मी तारीख बघितली नाही. आडवा झालो नाही. मालक बघितला आणि सही केली."

वकिलांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. घड्याळवाले चाकाकडे असे बघत होते जणू ते पहिल्यांदाच दिसतंय. मिस्त्रींनी खिशातून तपासणीचे कागद काढून वकिलांच्या हातात दिले आणि सांगितलं की आजच्या एकाही कागदावर माझी सही धरू नका.

उरली होती वकिलांची लाल गाडी. वकील म्हणाले, आज पुरे करू. लेकीने पहिल्यांदाच तोंड उघडलं. मी चालवणार, ती म्हणाली, पाच म्हणजे पाच. ती जागची हलली नाही. यावर वाद घालायची वकिलांना हिंमत झाली नाही.

मिस्त्री बॅटरी घेऊन लाल गाडीच्या मागच्या चाकापाशी गेले आणि खडीवर सरळ आडवे झाले. सोललेलं कोपर पुन्हा सोललं. पलीकडच्या बाजूने खडी वाजली. लेकही आडवी झाली होती. गाडी इतकी बुटकी की वीतभर फटीतून त्यांना एकमेकांचे डोळेच तेवढे दिसत होते.

"बाबा," ती हळूच म्हणाली, बाकीच्यांना ऐकू जाऊ नये असं. "सकाळी मी करड्या गाडीखाली बघितलं होतं. चालवायच्या आधी मी नेहमी बघते. आकडे वाचले होते."

मिस्त्रींना आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय. कळलं तेव्हा त्यांनी फटीत डोकं आणखी पुढे सरकवलं.

"मग बसलीस का गाडीत?"

"कागदावर तुमची सही होती," ती म्हणाली. "मला वाटलं, मीच चुकीचं वाचलं."

मिस्त्रींनी गाल खडीला टेकवला. वर वकील कुणाशी तरी बोलत होते, घड्याळवाल्यांना कुणीतरी पाणी देत होतं. बॅटरी लागलेली होती, टायर समोर होता, पण त्यांना आकडे दिसत नव्हते.

"तुझ्या बाजूचे वाच," ते शेवटी म्हणाले. "मोठ्याने वाच. आणि मी काहीही म्हटलं तरी बदलू नकोस."

तिने चारही आकडे वाचले. मग उठून तिसऱ्या चाकापाशी गेली.