मांजरानं तोंड घातलेलं दूध

आमच्या घरमालकीणबाईंपासून गावात काही लपून राहिलं, असं मी इतक्या वर्षांत एकदाही पाहिलं नाही. निजाम सरकारचे हेर हैदराबादेत कुणाच्या मागावर फिरत असतील ते असोत. बीड जिल्ह्यातल्या आमच्या त्या लहानशा कसब्यात बाईंचे स्वतःचे सात हेर होते, आणि सातही शेपटीवाले होते. सरकारी मदरशात मराठी शिकवायला म्हणून मी त्या गावी आलो, तेव्हा खोली देताना बाईंनी भाड्याचं नावसुद्धा काढलं नाही. एकच अट घातली. "मास्तर, मांजराला हुसकायचं न्हाई. ते बसंल तिथं बसंल. तुमी सरकून बसायचं." मला मांजर आवडत नाही. तेव्हा आवडत नव्हतं, आणि इतकं सगळं होऊनही आज आवडत नाही. पण खोली हवेशीर होती, म्हणून मी सरकून बसायचं कबूल केलं.

सातांपैकी दोघी बेगमा होत्या, मोठी आणि धाकटी. उरलेल्यांना बाईंनी सरकारी हुद्दे वाटले होते. तहसीलदार हा पिवळा बोका कुणाच्याही ताटापाशी न विचारता येऊन बसायचा. मुन्सिफ दिवसभर डोळे मिटून विचार करायचा आणि निकाल कधीच द्यायचा नाही. पेशकार आणि नाझर त्या दोघांच्या मागेपुढे करण्यात जन्म घालवत होते. आणि पोलिसांचा मोठा अंमलदार म्हणजे अमीन, तो हुद्दा बाईंनी अशा मांजराला दिला होता, की जे उंदीर दिसला की माझ्या पांघरुणात शिरायचं. मी एकदा भीत भीत म्हणालो, "बाई, कुणी ऐकलं तर?" त्यावर म्हणाल्या, "ऐकू द्या की. माझं मांजर काय लाच खातंय व्हय, म्हनून मी भ्यावं?"

या मंडळींच्या आणि गावातल्या इतर मांजरांच्या वागण्यावरून बाई गावाची खबर काढत. हळदे नावाच्या एका घरचं मांजर महिनाभरात गुबगुबीत झालं, तेव्हा बाईंनी पदर खोचला आणि तडक त्या घरी गेल्या. "तुमची नवी सून जेवत न्हाई," त्यांनी सासूला सांगितलं. "भरलं ताट मांजराला घालती. पोरीला चार रोज माहेरी धाडा, न्हाईतर मांजराचं बारसं करा आन् पोरीचं तेरावं." सून दुसऱ्या दिवशी चकलांब्याला माहेरी गेली. मीही सुटलो नाही. एकदा सिरसाळ्याच्या बाजारी एका स्नेह्याकडे मी गुपचूप सुकट खाल्ली. आमच्या घराण्यात सात पिढ्यांत असलं कुणी हुंगलंही नव्हतं. तोंड धुतलं, विडा खाल्ला, वेलदोडे चघळले. घरी पाऊल टाकलं तर सातही अंमलदार माझ्या धोतराभोवती गोल करून बसले. बाई सूप पाखडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "काय मास्तर, शाळंच्या कामाला गेलतो म्हनताव न्हवं? काम लई चवदार दिसतंय." पुढे मी त्या बाजाराची वाटच सोडली.

उन्हाळ्यात ते गाव दुपारी असं निजायचं, की आजही डोळे मिटले तर मला ती झोप अंगावर येते. गढीच्या भिंती ऊन पिऊन पिऊन पिवळ्या पडायच्या, लिंबाखालची जनावरं रवंथ करता करता विसरून जायची, आणि दूर कुठंतरी कावळा ओरडायचा तो सुद्धा जांभई दिल्यासारखा. सातही मांजरं ओट्यावर सांडून ठेवल्यासारखी पसरलेली असत, आणि बाई त्यांच्यात. त्या केसांना तगराचं तेल लावत. तगराच्या मुळीचा वास आला, की मांजर शुद्धीवर राहत नाही. त्याच्यावर लोळतं, गाल घासतं, डोळे अर्धे मिटून कुठल्या तरी दुसऱ्या मुलखात जातं. त्यामुळे बाईंच्या उशाशी कायम दोन मांजरं तरी स्वप्न पाहत पडलेली असत. सगळ्या गावात दुपारी जागा असे तो एकच माणूस, आमचे पाटील. 'मला झोप म्हणून लागत न्हाई, म्हणून तर या गावात चोरी व्हत न्हाई,' असं ते मिशीला पीळ भरून सांगत. गाव त्यांना जागते पाटील म्हणायचं, आणि त्यांना ते फार आवडायचं.

हे जागते पाटील एका सकाळी उठले नाहीत. पुतण्या चहा घेऊन गेला तर ते गाढ झोपल्यासारखे पडलेले, चेहरा शांत, आणि अंग गार. उशाशी अर्धी राहिलेली दुधाची चरवी. हे दूध रोज सांजेला भागा गवळण आणून द्यायची. भागा ही चाळिशीची विधवा, एक म्हैस आणि दोन शेळ्यांवर पोट भरणारी. चारच दिवसांपूर्वी पाटलांनी तिची म्हैस पिकात शिरली म्हणून कोंडवाड्यात घातली होती, आणि भागा भर पारावर बोटं मोडून रडली होती. पुतण्याला तेवढं पुरे होतं. "दुधात विष घातलं!" तो ओरडला, आणि त्या चरवीसकट भागाला चावडीवर धरून आणलं. आणि तिथं तिनं जे केलं, ते कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. तिनं जमिनीवर डोकं टेकलं आणि म्हणाली, "व्हय. माझ्याच हातनं मेले पाटील. मला काय करायचं ते करा." याउपर एक अक्षर बोलेना.

दुपारपर्यंत तालुक्याहून अमीनसाहेब घोड्यावरून आले. भले गृहस्थ होते, पण उन्हानं वैतागलेले. भागा कबूलच करते म्हटल्यावर त्यांना फक्त लिहून घ्यायचं होतं. तेवढ्यात बाई चावडीत शिरल्या, मागे मी, आणि मागे, काय सांगू, शेपट्या वर करून सगळं खातं. "साहेब, कोण सांगतंय इनं मारलं म्हनून?" बाई म्हणाल्या. अमीनसाहेब म्हणाले, "वो खुद बोल रही है, बाई." त्याच क्षणी आमच्या घरचा भित्रा अंमलदार उडी मारून त्यांच्या कागदांवर जाऊन बसला आणि बाईंनी सवयीनं हाळी दिली, "अमीन! खाली उतर, मुडद्या! लाज हाय का?" साहेब खरोखरच अर्धवट उठले. मी देवाचं नाव घेतलं आणि माझ्या नोकरीला मनातल्या मनात रामराम केला. मग साहेबांनी कागदांवरच्या मांजराकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं, आणि रुमालात तोंड लपवून बराच वेळ खोकले. "बोलो बाई," शेवटी म्हणाले, "तुम क्या बोलते?"

बाई भागापाशी जाऊन खाली बसल्या. "भागे, माझ्या तहसीलदारानं काल सांजेला आपल्या वाटीला तोंड लावलं न्हाई. मिशा पांढऱ्या घेऊन आलता. तू ओट्यावर चरवी टेकवून माझ्याशी बोलत बसली व्हतीस. खरं सांग, मांजरानं पाटलाच्या दुधात तोंड घातलं न्हाई का?" हे ऐकल्याबरोबर भागाचा बांध फुटला. "घातलं माय! मी हाकललं त्येला. दुसरं दूध न्हवतं, म्हनून तेच दिलं मी. त्येच्या मिशीचा केस पडला असंल त्यात. मांजराची मिशी पोटात गेली की मानूस वाचत न्हाई, माझी सासू सांगायची. मीच मारलं त्यांना!" आमच्याकडे हे सगळेच मानत, लेकरांना दूध देण्याआधी आया फडक्यानं गाळून घेत. म्हणजे ही बाई विषाचा नाही, एका केसाचा गुन्हा कबूल करत होती, आणि त्यासाठी फासावर जायला तयार होती! मला रडावं की हसावं कळेना.

पुतण्या मात्र हटेना. "कावून ऐकता हिचं? दुधात विषच हाय. पाजा ते मांजराला, कळंल." साहेबांनाही ते पटलं. "बिल्ली कू पिलाव," म्हणाले. शिपायानं मुन्सिफला बखोटीला धरलं, मुन्सिफनं जन्मात प्रथमच डोळे पूर्ण उघडले, आणि बाईंचा चेहरा असा झाला की मी तो पुन्हा पाहू इच्छित नाही. "ठिवा त्येला खाली," त्या म्हणाल्या. "माझं लेकरू एकदा पिऊन जित्तं हाय, ते तुमाला पुरं न्हाई?" आणि कुणाला काही समजायच्या आत त्यांनी चरवी उचलली आणि ते उन्हानं नासलेलं, आंबूस दूध घटाघटा पिऊन टाकलं. मग पदरानं तोंड पुसून भागाला म्हणाल्या, "मिशीचा केस असंल तर आता माझ्या बी पोटात हाय. बस माझ्याजवळ आन् बघ."

आम्ही बसलो. सारी चावडी त्या उन्हात बाईंकडे टक लावून बसली. बाई अधूनमधून नासक्या दुधाची ढेकर देत होत्या. ऊन कलायला लागलं तेव्हा अमीनसाहेब हळूच म्हणाले, "बाई, हमारे में तो बिल्ली का जूठा पाक रहता." बाई म्हणाल्या, "मांजराचं उष्टं शुद्ध? मग आधी सांगायचं की! मी ताजं मागितलं असतं."

पण मग पाटील गेले कशानं? "ते आजून मांजरांनी सांगितलं न्हाई," बाई म्हणाल्या, आणि वरात पाटलांच्या घराकडे निघाली. माणसं दारातच थांबली. मांजरं थांबली नाहीत. धाकटी बेगम थेट पाटलांच्या उशीवर चढली, गाल घासू लागली, उताणी पडली. मागून पेशकार, नाझर, तहसीलदार. बघता बघता त्या रिकाम्या उशीभोवती सगळे अंमलदार डोळे मिटून पाय हलवत त्या दुसऱ्या मुलखात गेले. बाईंनी उशी हुंगली. "तगर," म्हणाल्या, आणि शिवण उसवली. आत कापसात एक पुडी, तळाशी चार काळ्या गोळ्या. गावाबाहेर उतरलेल्या वैदूला बोलावलं, तो पुडी पाहूनच सगळं बोलून गेला. तगर आणि अफू, दोन्ही झोप आणणारी. पाटील स्वतः येऊन घेऊन गेले होते, झोप येत नाही म्हणून पाया पडले होते, आणि कुणाला सांगू नको म्हणून शपथ घातली होती. रोज एक सांगितली होती. त्या माणसानं एका सांजेला मूठभर खाल्ल्या. जागते पाटील म्हणून मिरवणाऱ्याला झोप मागायची लाज वाटली असेल. मला त्यांची फार दया आली. पुतण्या भिंतीकडे तोंड करून रडला, आणि साहेबांनी भागाला सोडलं.

गोष्ट इथं संपायला हवी होती, पण भागा सुटली ती चावडीतून. मनातून सुटली नाही. "गोळ्या असतील," ती म्हणायची, "पर त्या केसानं बी जरा केलंच असंल." बाईंनी सांगून पाहिलं, रागावून पाहिलं, नारायणगडावर नेऊन महाराजांच्या पायावर घातलं. काही उपयोग झाला नाही. शेवटी बाईंनी रोजचा रतीब लावला. भागा सांजेला दूध आणायची, बाई तिच्यादेखत तहसीलदाराला आधी चार जिभा मारू द्यायच्या, आणि मग तेच दूध स्वतः प्यायच्या. "बघ. हाय का न्हाई मी?" भागा बघायची, जरा हसायची, आणि जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तहसीलदार म्हातारा होऊन गेला, दुसरा तहसीलदार नेमला गेला, पण हा रतीब चुकला नाही.

मग एका थंडीत बाई अंथरुणाला खिळल्या. वैद्यांनी सांगितलं, आता पोटात दुधाशिवाय काही टिकायचं नाही. आणि बाईंनी नेमकं दूधच सोडलं. भागानं आणलेलं दूध त्या मांजरांना घालायला लावत, आणि तिला सांगत, आज भूक नाही. चौथ्या दिवशी मी चिडलो. "बाई, हा काय हट्ट? दोन घोट घ्या." त्यांनी मला खूण करून जवळ बोलावलं. आवाज अगदी बारीक झाला होता. "मास्तर, मी आता जानार हाय, कळतंय मला. पोटात भागीचं दूध घेऊन गेले तर ती येडी जन्मभर काय म्हनंल? तुमी सांगा तिला. सांगा, बाईनं चार रोज तोंड लावलं न्हाई."

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी गेल्या. सांजेला भागा आली, दारात चरवी घेऊन तशीच उभी राहिली, आत यायला धजेना. मी तिला सांगितलं. तिनं विचारलं, "एक घोट बी न्हाई, मास्तर?" मी म्हणालो, "एक घोटही नाही, भागा." तेव्हा तिनं चरवी खाली ठेवली, आणि बाईंसाठी, नुसती बाईंसाठी, मोकळेपणानं रडली.