नंबर दोनची जागा

महेंद्रच्या पायाला भिंगरी आहे असं त्याची बायको राजश्री म्हणायची, पण तो भिंगरीवर अन्याय होता. भिंगरी निदान एका जागी तरी फिरते. महेंद्रनं वयाच्या पस्तिशीपर्यंत सहा कामं धरली आणि सहा सोडली. शिक्रापूरच्या एका कारखान्यात प्रेस मशीनवर तो चौदा महिने टिकला, तोच त्याचा विक्रम. त्याआधी साखर कारखान्याचे दोन हंगाम, दौंड स्टेशनच्या कॅन्टीनला एक उन्हाळा, केडगावला सायकलच्या दुकानात पंक्चर काढत काही महिने. शेवटी तो ट्रकच्या नंबरप्लेटा आणि दुकानांच्या पाट्या रंगवायला लागला. रंगाचं काम त्याला आवडायचं, हात तर देखणाच होता. पण एक पाटी पुरी व्हायच्या आत गडी चारदा शिडीवरून उतरून चहाला जायचा. बाजारातल्या एका दुकानावर ‘किराणा व’ एवढीच अक्षरं सहा महिने लटकत होती, आणि त्या ‘व’च्या पुढं काय, हे गिऱ्हाइकांनी आपापल्या मनानं ठरवावं अशी व्यवस्था होती.

त्याला व्हायचं होतं जवान. त्याचे वडील खंडू फौजेतून पेन्शन घेऊन आलेले, मशीनगनच्या पलटणीतले. महेंद्रनं दोनदा भरतीला जाऊन छाती फुगवली, धावला, पहिल्या पाचांत आला, आणि दोन्ही वेळा उंचीला दीड सेंटिमीटर कमी भरला. दुसऱ्यांदा तर त्यानं महिनाभर घराच्या तुळईला लटकून उंची वाढवायचा उद्योग केला होता. तुळई वाकली, उंची होती तिथंच राहिली. घरी येऊन त्यानं वडिलांना सांगितलं तेव्हा खंडूआबा काही बोलले नाहीत. नुसते उठून नदीकडं गेले आणि अंधार पडायच्या सुमाराला परत आले. तो अबोला महेंद्रच्या मनात कुसळासारखा रुतून बसला.

कारण खंडूआबा म्हणजे लेकाच्या बरोब्बर उलट. ते बसले की पुतळा. दारातल्या लिंबाखाली त्यांची लोखंडी खुर्ची होती. सकाळी त्या खुर्चीवर बसायचे ते जेवायची हाक येईपर्यंत. नाकावर माशी बसली तरी हात उचलायचे नाहीत. लग्नात, विहारातल्या वंदनेला, ग्रामपंचायतीच्या बैठकीत, कुठंही बसवा, माणूस हलणार नाही. लोक कौतुक करायचे, “फौजी शिस्त हाय, राव.” आणि त्या शिस्तीच्या पोटी महेंद्र जन्मला, याचं सगळ्या आळीला नवल वाटायचं. बापलेक एका घरात राहत होते, पण वर्षाकाठी दोघांत शंभरेक वाक्यं झाली असतील तर असतील. त्यातली निम्मी एकच होती, “बस की जरा गप.”

दोन हजार एक साली साहेबराव एक खोका घेऊन आला. साहेबराव रेल्वेचा पासधारक. रोज सकाळच्या शटलनं पुण्याला जायचा आणि येताना पुण्यातल्या नाना व्यापाऱ्यांची नाना कामं घेऊन यायचा. खोक्यात कापसात गुंडाळलेले शिशाचे शिपाई होते. करंगळीच्या नखाएवढे म्हणा, फार तर थोडे मोठे. त्यानं समजावलं, “परदेशात मोठी मोठी माणसं टेबलावर लढाया खेळत्यात. जुन्या, खऱ्या झालेल्या लढाया. त्यांना ह्ये रंगवून लागत्यात. तुझा हात बघून म्या व्यापाऱ्याला शब्द दिलाय.”

महेंद्रनं पट्टी आणून एक शिपाई मोजला. पंधरा मिलिमीटर. म्हणजे दीड सेंटिमीटर. तो इतका हसला की राजश्री चुलीपुढून उठून आली. “काय झालं?” तर म्हणाला, “माझ्यात कमी पडला त्यो गडी घावला बघ.”

हे काम मात्र त्याला लागू पडलं. का, ते सांगणं अवघड आहे. बेचैनी कमी झाली असं मुळीच नाही. दर दहा मिनिटांनी त्याचं बूड खुर्चीवरून उचललं जायचंच. म्हणून त्यानं एक युक्ती काढली. कामाला बसताना डावा पाय बुटाच्या नाडीनं टेबलाच्या पायाला बांधायचा. उठायचं तर आधी वाकून गाठ सोडावी लागे, आणि गाठ सोडेपर्यंत बऱ्याचदा उठायची हौस फिटे. दावणीला बांधलेल्या जनावरासारखा तो दिवसभर कामाला बसायचा. प्रत्येक शिपाई खिळ्याच्या माथ्यावर डिंकानं उभा करायचा, आधी पांढऱ्या रंगाचा एक हात, मग कपडे, मग चेहरे, आणि तीन केसांच्या ब्रशनं डोळे. शेवटी अगदी पातळ तपकिरी रंग वरून सोडला की तो घड्यांमध्ये उतरायचा आणि शिशाचा गडी एकदम श्वास घेतल्यागत दिसायचा.

त्याहून त्याला आवडायचं ते जमिनीचं काम. शिपाई पुठ्ठ्याच्या छोट्या तुकड्यावर चिकटवायचा आणि त्याच्या पायाखाली माती, दगड, गवत करायचं. भीमेची वाळू तो चहाच्या गाळणीनं चाळून घ्यायचा. गाळणी राजश्रीची, म्हणून पहिल्या आठवड्यातच घरात महायुद्ध पेटलं होतं. गवतासाठी समोरच्या गिताबाईंकडची लोकर. त्यांच्या घरची मेंढरं कधीच विकली गेली होती, आता कांदा करत होते, पण हौसेनं ठेवलेल्या पाच मेंढ्या होत्या. ती लोकर बारीक कातरून, हिरवट-पिवळी रंगवून फेविकॉलवर भुरभुरली की हुबेहूब वाळलेलं माळरान. गिताबाई बघून म्हणाल्या, “माझ्या मेंढीनं जलमभर गवात खाल्लं, आता तिचंच गवात झालं म्हना की!”

खंडूआबा लांबूनच बघायचे. एकदाच म्हणाले, “बाहुल्या रंगवतोस व्हय. हे बी सोडशील.” महेंद्रनं त्या दिवशी नाडीला दुहेरी गाठ मारली.

पुढच्या फेब्रुवारीत मोठी मागणी आली. दुसऱ्या महायुद्धातले हिंदी जवान, त्यात चाळीस मशीनगना. प्रत्येक गनमागं एक जण, शेजारी गोळ्यांचा पट्टा धरून पालथा पडलेला दुसरा. मोडतोडीसाठी म्हणून गनसकट एक जोडी जादा, आणि बघून करायला एक फोटो. साहेबरावनं सरळच सांगितलं, “ही पेटी पसंत पडली तर वर्षभर काम हाय. न्हाई पडली तर व्यापारी दुसरा माणूस बघनार.” इकडं राजश्रीचा भाऊ बाळासो यानं शिक्रापूरच्या कारखान्यात एक तारखेपासून जागा लावून ठेवली होती. पेटी फसली तर पुन्हा तेच प्रेस मशीन, तीच भाड्याची खोली, आणि घरी आल्यावर खंडूआबांचा तो न बोलता बोलणारा चेहरा. महेंद्रला कारखान्याची भीती नव्हती. त्या चेहऱ्याची होती. या एका माणसापुढं त्याला एकदा, फक्त एकदा, एक काम तडीला नेऊन ठेवायचं होतं.

महिनाभर तो बांधलेल्या पायानं बसला. मंगळवारी दुपारी चाळीसच्या चाळीस गना वाळू-गवतासकट तयार झाल्या. पेटी गुरुवारी सकाळी जायची होती. त्यानं त्या टेबलावरच्या उन्हात ओळीनं मांडल्या आणि काय वाटलं कुणास ठाऊक, बसल्या जागेवरून लिंबाखाली हाक दिली, “आबा, येता का बघाया?”

खंडूआबा आले. वाकले. चष्मा वर-खाली करून त्यांनी पहिली गन बघितली, दुसरी बघितली, आणि बघता बघता त्यांचा चेहरा राखेसारखा झाला.

“ह्यो नंबर दोन डाव्या बाजूला का?”

“कोन नंबर दोन?”

“पट्टा भरवनारा. त्यो उजव्या अंगाला असतो. गनचं पट्टा खायचं तोंड उजव्या बाजूला. डावीकडनं काय तिच्या कानात पट्टा भरवनार हाय?”

महेंद्रनं धावत फोटो आणला, म्हणजे धावायला गेला तर पाय बांधलेला, टेबलासकट पडता पडता वाचला. फोटोत नंबर दोन डावीकडंच होता. आबांनी फोटो हातात घेतला आणि म्हणाले, “फोटो म्होरून काढलाय, बाबा. शत्रूच्या बाजूनं.” महेंद्र मात्र प्रत्येक शिपायाची पाठ आपल्याकडं धरून काम करायचा. समोरचं डावं ते मागून उजवं, एवढी साधी गोष्ट. चाळीस वेळा चुकली होती. सगळं मुसळ केरात.

त्यानं ब्रश डबीत टाकला. “ऱ्हाऊ द्या. त्या लोकांना काय कळतंय. न्हाई तर एक तारखेला शिक्रापूर हायच.” नाडी सोडायला तो वाकला.

“सोडू नको,” खंडूआबा म्हणाले. “बस. ब्लेड आन.”

पेटी गुरुवारी गेली आणि पसंत पडली, पावसाळ्यात दुसरी आली. शिक्रापूरची ती जागा बाळासोनं आपल्या मेव्हण्याऐवजी साडूला दिली आणि तो अजून तिथंच आहे. हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण सांगण्यासारखं आहे ते बुधवारच्या दुपारचं.

मंगळवार दुपारपासून बापलेक समोरासमोर बसले होते. महेंद्र दाढीच्या ब्लेडनं नंबर दोनला पोटाखालून हळूच उचलायचा, आबा चिमट्यानं धरायचे. त्यांचे हात थरथरायचे, पण जागा ते अचूक दाखवायचे. “आजून वाईच म्होरं. खांदा गनच्या तिवईशी न्हाई, पट्ट्याशी.” चाळिसावी गन झाली. टेबलावर ती एक जादा जोडी उरली. राजश्रीनं दोन कप चहा आणून ठेवला.

आबांनी जादातला नंबर दोन तळहातावर घेतला. “मी नंबर दोन हुतो,” ते म्हणाले.

महेंद्रला हे माहीतच नव्हतं. आपला बाप गन चालवायचा, एवढंच त्यानं आळीभर सांगितलं होतं.

“नंबर एक हरिबा. इनामगावचा. पासष्टची लढाई. सकाळधरनं आमची गन गप हुती. हुकूम नव्हता. तीन तास पालथं पडून पडून माझ्या अंगात मुंग्या आल्या. तुझ्यासारख्याच. मला लहानपनापास्नं एका जागी बसवत नव्हतं. तुला काय वाटलं, ही खोड तू कुठनं आनलीस?”

महेंद्रनं मान वर केली. आबा त्याच्याकडं बघत नव्हते.

“ती गन पान्यावर थंड करायची. म्या म्हनलं, डबा भरून आनतो. हरिबा म्हनला, पड गप, पानी हाय. पानी हुतं, महेंद्र. अर्धा डबा हुतं. मला नुसतं उठायचं हुतं.” त्यांनी चहाकडं हात नेला आणि तसाच मागं घेतला. “वीस पावलं गेलो आसंन. माघारी गोळा पडला. फिरून बघितलं तर गन न्हाई आन् हरिबा बी न्हाई.”

महेंद्रला आठवत होतं ते बालपणातलं “बस की जरा गप”, आणि लिंबाखालची ती न हलणारी पाठ. छत्तीस वर्षं.

“तू भरतीत नापास झालास,” आबा म्हणाले, “तवा मी नदीला गेलो. कुनाला जोडायचे ते कळंना, तरी हात जोडले.”

महेंद्रला बोलायचं होतं, पण ज्याच्याशी वर्षाकाठी शंभर वाक्यं बोलला त्या माणसाशी एकशेएकावं कसं बोलावं ते सुचेना. त्यानं पुठ्ठ्याचा नवा तुकडा घेतला. वाळू पसरली, गन ठेवली, गनमागं हरिबा ठेवला. मग फेविकॉलची बाटली उचलली.

“त्यो नको,” आबा म्हणाले. “त्यो ब्लेडनं निघतोय. दुसरा काय हाय?”

“अॅराल्डाइट हाय. पर त्ये वाळाया टाइम लागतो. तवर दाबून धराया लागतंय.”

“तेच लाव.”

महेंद्रनं दोन नळ्यांतला चिकट मसाला काडीनं कालवला आणि उजव्या अंगाला एक थेंब ठेवला. खंडूआबांनी आपल्या थरथरत्या बोटांनी तो दीड सेंटिमीटरचा गडी स्वतः त्या थेंबावर ठेवला, पट्ट्याशी खांदा जुळवला आणि त्याच्या पाठीवर अंगठा टेकवला.

“ह्यो हालला न्हाई पायजे,” ते म्हणाले.

महेंद्रनं त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला. थरथर थांबली. नाडी केव्हाची सुटून टेबलाखाली पडली होती, ते दोघांच्याही ध्यानात नव्हतं. चहा निवून गेला. पुण्याची गाडी येऊन गेली. कुणीच उठलं नाही.