हूटगळ्ळीतल्या आमच्या पत्र्यावरचा फोम

मंडळी, आज दुपारचं तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाही.

आमची वरची खोली पत्र्याची. अर्धांगवायूने अंथरुणाला खिळलेली आई तिथेच राहते, कारण खिडकीतून चामुंडी बेट्ट, म्हणजे चामुंडीचा डोंगर, दिसतो. खाली यायला ती तयारच नसते. पण एप्रिलमध्ये त्या खोलीची भट्टी होते. कूलर लावून, अंगावर ओले टॉवेल टाकूनही ती तळमळायची.

परवा पत्र्यावर स्प्रे फोम मारून घेतला. पाइपमधून पातळ द्रव पडला आणि उतू जाणाऱ्या दुधासारखा फुगून बघता बघता घट्ट झाला! काल त्यावर पांढरा कोट दिला. वास जाईपर्यंत आईला कसंबसं खाली ठेवलं.

आज भर उन्हात तिला वर आणलं. मी भीतभीत पत्र्याला आतून हात लावला. चटका नाही! कूलर बंद, नुसता पंखा चालू.

बायको म्हणाली, "अहो, ही आपलीच खोली अल्ला? हो ना?"

आईला बोलायला फार कष्ट पडतात. डोंगराकडे बघत ती हळूच म्हणाली, "पंखा साकू, पुरे. चादर घाल."

मी चादर घातली. ती गाढ झोपली आणि मी तिच्याकडे बघतच राहिलो.

तुमच्या घरी पत्र्याखाली कोण राहतं? दुपारी कधी त्यांच्याजवळ जाऊन बसलात?