पुडीवरची बाज

दवाखान्यातल्या रिकाम्या बाटल्या भंगारवाला नेतो, रद्दी किराणा दुकानात जाते. किस्से मात्र कोणी उचलून नेत नाही, ते साठतच जातात. जाफराबादच्या एका लहानशा दवाखान्यात मी वीस वर्षं कंपाउंडर होतो. तवा माझ्याकडं तर ढीगच! त्यातले हे झोपेचे.

दवाखान्यात आम्ही तिघं. डॉक्टरसाहेब, मी आणि झाडलोट करणारी धुरपदाबाई. बाई तोंडानं फटकळ, पण तिला एक सल होता. तिचा म्हातारा गेला त्या दिवशी भाजीत मीठ जास्त पडलं म्हणून दोघांत जुंपली. ही रागात म्हणाली, "गोड लागत नसंल तर उठा!" तो खरंच उठला, भरल्या ताटावरून. वावरात गेला आणि तिथंच कोसळला.

झाडू मारता मारता ती नव्या पेशंटला सांगायची, "उपाशी गेला हो माझा म्हातारा. म्याच उठवला."  

*

ज्यांना वाचता येत नाही, त्यांच्यासाठी मी गोळ्यांच्या पुडीवर चित्र काढायचो. सूर्य म्हणजे सकाळची, चंद्र म्हणजे रात्रीची. माझं मलाच लई कौतुक!

सर्दीच्या गोळीनं गुंगी येते, म्हणून तिच्यावर चंद्र. आसारामनं काय करावं? चंद्र दिसला तशी गोळी घेतली आणि रात्रीच्या लाईटीवर गव्हाला पाणी द्यायला गेला. जरा बांधावर टेकला, तो थेट सकाळीच उठला. पाणी सगळं शेजाऱ्याच्या वावरात!

दोन दिवसांनी तो शेजारीच दवाखान्यात हजर. मला वाटलं, आता भांडण.

"कंपाउंडर, आसारामची सर्दी इतक्यात बरी करू नका. माझ्या गव्हाला पाण्याची अजून एक पाळी राह्यली!"

धुरपदाबाईनं झाडू खाली ठेवला. "चंद्र कशाला काढता वो? चंद्र निघाला म्हणून काय सारं गाव निजतं का? बाज काढा बाज. निजायच्या वक्ताला घ्यायची, बराबर कळंल."

खरंच की! त्या दिवसापासून चंद्र गेला आणि बाज आली.

*

बाजेचाही घोळ झालाच. विठ्ठलबुवांना खाजेची गोळी दिली, तीही गुंगीचीच, वर चांगली चार पायांची बाज काढली. आता बुवा दुपारी जेवून बाजेवर आडवे व्हायचे, हे मला काय माहीत? बाज दिसली, घेतली गोळी!

नेमके त्याच दुपारी त्यांच्या पोरीला बघायला पाहुणे आले. बुवा ओसरीवर घोरत पडलेले. बायकोनं हलवलं, मेव्हण्यानं पाणी मारलं, बुवा काही उठेनात. घरच्यांची तर लाजेनं मान वर होईना.

आठ दिवसांनी बुवा पेढे घेऊन आले. "जमलं! व्याही म्हणले, पोरीचा बाप इतका निवांत निजतो, म्हंजे या घरात कटकट न्हाई." मग माझ्या कानाशी येऊन हळूच म्हणाले, "चार गोळ्या बांधून द्या. धाकटी राह्यली अजून!"

*

उलटंही व्हायचं. दम्याची एक गोळी सकाळीच घ्यावी लागते, उशिरा घेतली की झोप उडते. पुडीवर सूर्य होता, तरी पार्वतीकाकूंनी ती रात्री घ्यायला सुरुवात केली. त्यांची सून सांगायला आली.

"आत्याबाई रातच्या दोनला ज्वारी निवडत बसून राह्यल्या. दोन पोते झाले!"

डॉक्टर म्हणाले, "आजपासून सकाळी द्या. झोप येईल त्यांना."

सून जरा घुटमळली. "आजपासून नको, डॉक्टरसाहेब. परवापासून. तुरीची डाळ राह्यली."

डॉक्टर पोट धरून हसले. आजपासूनच द्यायला सांगितलं, ते वेगळं. धुरपदाबाई पण हसली, पण हसता हसता छातीवर हात धरून खाली बसली.

*

छातीत धडधड, हाताला कापरं. डॉक्टरांनी तपासलं, गोळी लिहून दिली. मी पुडीवर तिचीच बाज काढून दिली.

आठवड्यानं बाई म्हणाली, "धडधड थांबली, पण लई सपनं पडून राह्यले. रोज म्हातारा येतो."

"काय म्हणतो?"

"बोलत न्हाई. पहिल्या दिवशी दारात उभा होता. काल आत आल्ता."

डॉक्टर म्हणाले, ही गोळी काहींना अशी स्वप्नं दाखवते, घाबरायचं कारण नाही. आणि त्यांनी गोळी बदलून दिली.

त्यानंतर बाईचं कामात ध्यान राहिलं नाही. एकाच फरशीवर तीनतीनदा झाडू मारायची. पंधरा दिवसांनी स्वतःच डॉक्टरांपुढं जाऊन उभी राहिली.

"साहेब, पहिली गोळी द्या."

"का? हिनं झोप नाही लागत?"

"लागते की. बिलकुल दगडावानी."

"मग?"

बाईनं पदर तोंडाला लावला. "म्हाताऱ्यानं हातपाय धुतले होते. पाटावर बसला होता. म्या ताट वाढून राह्यले होते, आन् तुम्ही गोळी बदलली."

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. मी खिडकीतून बाहेर बघत राहिलो, कारण माझेही डोळे भरून आले होते. डॉक्टरांनी तिची नाडी बघितली, प्रेशर बघितलं आणि पहिलीच गोळी लिहून दिली. मी पुडी बांधली आणि बाज काढली.

रोज सकाळी मी तिच्या तोंडाकडं बघायचो. विचारायची हिंमत होत नव्हती. ती यायची, झाडायची आणि जायची.

एका सोमवारी तिनं कमरेची पिशवी काढली आणि पुडी माझ्या टेबलावर ठेवली. अजून चार गोळ्या शिल्लक होत्या.

"डॉक्टरांना सांगा, आता कोणती बी द्या म्हणावं."

"का वो बाई?"

तिनं कोपऱ्यातला झाडू उचलला.

"जेवला. भाजी दोनदा मागून घेतली."