गुणाचं लेकरू
काल सुनेनं श्रीखंडासाठी सहाणेवर जायफळ उगाळलं आणि त्या वासानं माझी भूकच गेली. बहात्तरच्या दुष्काळानंतरची गोष्ट. शुक्रवार पेठेत आमची एक खोली होती. मी विडी कारखान्यात जायचे आणि माझी तान्ही मुलगी माझ्या आईजवळ असायची. "लई गुणाचं लेकरू, रडत बी न्हाय," असं आई गल्लीभर सांगायची आणि मला बरं वाटायचं. पण शेजारणीचं तेवढंच पोर रांगत येऊन माझ्या बांगड्या ओढायचं, दिसेल ते तोंडात घालायचं. माझी वाळकी पोर बसतही नव्हती आणि खुळखुळा वाजवला तरी मान वळवत नव्हती. एके दिवशी कारखान्यात पानं आली नाहीत म्हणून मी दुपारीच घरी आले. आई जायफळ उगाळत होती आणि पदराच्या गाठीतली अफूची गोळी त्यात घासत होती. "आये, हे काय चाललंय?" "वरडतीस कशाला? मला घटकाभर पडायला नको व्हय? तुला बी ह्यावरच वाढवलं की, काय वाईट झालं तुझं?" दुसऱ्या दिवसापासून मी पोरीला कारखान्यात न्यायला लागले. ती दिवसभर किंचाळायची, बायका वैतागायच्या. मग हळूहळू ती दूध नीट ओढायला लागली, तिनं अंग धरलं, आणि एकदा माझ्या सुपातली पानं विस्कटून माझ्याकडं बघून हसली. आई मरेपर्यंत मी तिच्याशी बोलत राहिले, पण माझं एकही लेकरू तिच्या मांडीवर दिलं नाही. आजही कुणी तान्ह्या बाळाला गुणाचं म्हणालं, की मी आधी त्याला चिमटा काढते.