फाशीचे पास

मेरिडन काउंटीचे शेरीफ एझ्रा पिलिंग यांना चोर पकडण्यापेक्षा पत्रांना उत्तरं देण्याचंच काम जास्त. कुणाला भाच्याला डेप्युटी करून हवा, कुणाला मतांच्या बदल्यात पोस्टमास्तरकी. एझ्रा सगळ्यांना गोड उत्तर लिहीत. नाही म्हणणं त्यांच्या हाडातच नव्हतं. त्या ऑक्टोबरात मात्र सगळं टपाल एकाच गोष्टीसाठी येत होतं: सायलस डॉर्नच्या फाशीचे पास. फाशी तुरुंगाच्या अंगणात व्हायची, आत प्रवेश शेरीफच्या सहीच्या पासावर. आणि खटका ओढायचा, तोही शेरीफनेच.

"एकाने तर सहकुटुंब मागितलेत," एझ्रा बायकोला म्हणाले.

"मग लिहा की, डबा आपापला आणा म्हणून!" केझाया फणकारली आणि एप्रनला डोळे पुसून पुन्हा पीठ मळू लागली.

शेरीफचं घर तुरुंगाला लागूनच. कैद्यांचा स्वयंपाक तिच्याकडे. सायलसने दारूच्या भांडणात मेहुण्याला ठार मारलं होतं. ते त्याने कधी नाकारलं नाही. पण तिच्या हातचं खाऊन खाऊन तो घरचाच झाला होता. मक्याचा पाव करपला की गजांआडून खुशाल चिडवायचा.

एझ्रांनी गव्हर्नरला दयेचं पत्र लिहिलं, जीव ओतून. पण गव्हर्नरला जाणारं पत्र पक्षाच्या जिल्हाध्यक्षांच्या हातून जायचं, अशी रीत. म्हणून त्यांनी ते मेजर बिकफर्डना दिलं. उत्तर येईना. निवडणूक झाली, पक्ष जिंकला. फाशीच्या आदल्या दिवशी एझ्रा मेजरांकडे गेले.

मेजरांनी कोटाच्या खिशातून तेच पत्र काढलं. "मतदानाच्या तोंडावर खुन्यावर दया? वेडा आहेस का एझ्रा? आता पाठवतो की."

"उद्या फाशी आहे, मेजर."

"अरेच्चा! उद्याच?" मेजरांनी पत्र परत खिशात ठेवलं. "बरं, माझा पास आणलायस ना?"

एझ्रांनी निमूट पास काढून दिला.

मग धावत जाऊन तार केली. गव्हर्नर विजयाच्या दौऱ्यावर, कुठल्याशा आगगाडीत होते. उत्तर आलं नाही.

सकाळी अंगण भरलं. केझायाने खिडक्या लावून घेतल्या. सायलसच्या गळ्यात दोर पडला. एझ्रांनी एक हात खटक्यावर ठेवला.

"शेरीफसाहेब," सायलस हळूच म्हणाला, "एका हाताने नका ओढू. अर्धवट राहील. माझा राग नाही तुमच्यावर."

एझ्रांनी दुसरा हात लावला.